गुजरी पाडून वस्ती सुधारते का?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावात आधी जिनिंग बंद पडली, मग बायपास झाला आणि बसस्टँडही तिकडं सरकला. गुजरीमागची जुनी वस्ती बकाल झाली, हमालांची पोरं पुण्याला गेली. नगर परिषद आता सगळं पाडून व्यापारी संकुल उभारणार म्हणते. तिथं माझं भांड्यांचं दुकान आहे. होकार द्यावा का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, मी एका नगर परिषदेत तीस वर्षं ओव्हरसियर होतो. असलं एक संकुल माझ्याच देखरेखीखाली झालं. चोवीस गाळे. लिलावात अनामत एवढी चढली, की कोथिंबीर विकणाऱ्या मावशीच्या आवाक्यात एकही आला नाही. नऊ शटर उघडली. बाकीच्यांच्या पायऱ्यांवर शेळ्या. मावशी बाहेर नालीच्या कडेला, पोत्यावरच. मोजमाप पुस्तकात सही माझी आहे, म्हणून सांगतो.

अमेरिकेतल्या सेंट लुईसला जुनी वस्ती हटवून १९५४ च्या सुमारास अकरा मजल्यांच्या ३३ इमारती उठल्या. १९७२ पासून त्याही पाडाव्या लागल्या. कामं आणि माणसं शहराबाहेर गेली होती, उरलेल्यांच्या भाड्यातून लिफ्टसुद्धा दुरुस्त होईना. तुमच्याकडंही आधी जिनिंगची रोजी गेली, भिंती नंतर खचल्या.

कराचीच्या ओरंगी वस्तीत समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये काम सुरू केलं ते गल्लीपासून. घराघरानं वर्गणी काढून गल्लीतली गटारं स्वतः टाकली. मोठा नाला तेवढा सरकारचा. हे मला पटतं. ज्याचा पैसा गेला, तो चेंबरमध्ये कचरा टाकू देत नाही. (आमच्या ठेकेदाराची नाली दोन पावसाळ्यांत बुजली.)

तेव्हा आत्ताच होकार नको. फेरीवाल्यांचं सर्वेक्षण झालं का, ते मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणं ते होईस्तोवर बसणाऱ्यांना उठवता येत नाही. पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेतेच हवेत, त्यातल्या एक तृतीयांश बाया. यादीत नाव आलं की केंद्राच्या फेरीवाल्यांसाठीच्या स्वनिधी योजनेतल्या कर्जाचीही वाट मोकळी होते. पहिलं कर्ज आता १५ हजारांपर्यंत. सकाळी देऊन संध्याकाळी व्याजासकट मागणाऱ्या सावकारापेक्षा बरं.

तुमचं दुकान पक्कं, तुम्हाला तो कायदा लागू नाही. पण गुजरी उठली तर बाजाराच्या दिवशी तुमची कढई बघायला कोण थांबेल? सभेत विचारा : अनामत किती, आणि आज बसणाऱ्यांना लिलावाशिवाय गाळे किती? उत्तर तोंडी नको, ठरावात लिहून घ्या.