वाचक विचारतात : गोव्याच्या घाटातले सदाहरित रान

प्रश्न : चोर्ला घाटाच्या पायथ्याशी आमचे काजूचे भाट आहे. वरच्या कडेला रान लागते. तिथे रामपत्री आणि रानजायफळ ही जायफळाच्या कुळातली रानझाडे लावावीत म्हणून ओळखीच्या कुळागरातून (सुपारी-मसाल्याच्या बागेतून) बिया आणल्या, उन्हात चांगल्या वाळवल्या, डब्यात भरल्या आणि मिरगाला पेरल्या. एकही उगवली नाही. बी खराब निघाले का?
– एक वाचक, सत्तरी

उत्तर : बी चांगलेच असणार. ते उन्हात मेले. भात, नाचणी, वाल यांचे बी वाळवले की वर्षभर टिकते. सदाहरित रानातल्या बऱ्याच झाडांचे तसे नाही. त्यांचे बी ओले पडते आणि पालापाचोळ्याच्या ओलीत लगेच रुजायला लागते. ही ओल ठरावीक मर्यादेखाली गेली की गर्भ मरतो, मग कितीही पाणी घाला. फ्रीजमध्ये ठेवूनही हे बी वाचत नाही, थंडीनेच जाते. ओळखायला सोपी खूण आहे : बी कानाशी धरून हलवा. आत खुळखुळ वाजले तर गर सुकून कवचापासून सुटला आहे, असे बी पेरू नका.

पुढच्या वेळी फळ उकलून आतली जायपत्री, म्हणजे बीभोवतीचे रंगीत आवरण, दिसू लागली की खाली पडलेलीच फळे उचला. रामपत्रीची जायपत्री चिरलेली, पिवळसर-केशरी असते. रानजायफळाची जवळजवळ अखंड आणि लालभडक. ती हाताने सोलून बी धुवा, नाहीतर बुरशी धरते आणि मुंग्या लागतात. मग त्याच आठवड्यात पेरा. लगेच जमणार नसेल तर ओल्या वाळूत किंवा भिजवलेल्या काथ्यात सावलीला ठेवा, पण तेही थोडेच दिवस.

ओल्या वाळूच्या वाफ्यात बी आडवे ठेवून वर १ ते २ सेंटीमीटर वाळू पसरा. वर झावळ्यांची किंवा जाळीची सावली हवी. वाळू ओलसर असावी, चिखल नको. पाणी साचले की बी कुजते. उंदीर बी उकरून नेतात, म्हणून वाफ्यावर तारेची जाळी लावा. रुजायला महिना-दीड महिना लागतो, कधी त्याहून जास्त, तेव्हा वाफा घाईने उकरू नका. मोड दिसला की माती, कुजलेला पाला आणि वाळू समप्रमाणात भरलेल्या, किमान २५ सेंटीमीटर उंच पिशवीत हलवा. नेहमीच्या बुटक्या पिशवीत सोटमूळ तळाशी वेटोळे घेते. असे रोप पावसाळाभर हिरवेगार दिसते आणि पुढच्या उन्हाळ्यात उभे वाळते.

लावणी पुढच्या पावसाळ्यात, पाऊस नीट धरल्यावर करा. उघड्या उतारावर हे रोप टिकणार नाही. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला कोरडे महिने कमी असतात; आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि नंतर मे अखेरपर्यंत जवळजवळ काहीच नाही. ही कोरड सोसायला सावली हवी. भाटात आपोआप उगवणारे चांदाड्याचे झाड तुम्ही कोयत्याने साफ करत असाल, ते राहू द्या. ते भराभर वाढते आणि त्याच्या मोठ्या पानांखाली नाजूक रोपे जगतात. बुंध्याला न टेकवता १० सेंटीमीटर पाला पसरा आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्या.

आणखी एक. या झाडांत नर आणि मादी वेगळी असतात आणि फुलोरा येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. एकच झाड लावले तर फळ धरेलच असे नाही. वेगवेगळ्या झाडांचे बी घेऊन पाच-सहा रोपे जवळपास लावा. बी मात्र कुळागरातूनच घ्या. म्हादई असो वा नेत्रावळी, अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. रामपत्रीला बाजारात भाव असल्याने कच्ची फळे फांद्यांसकट उतरवली जातात. तिथे धनेशाला फळ मिळत नाही आणि रानाला बीही मिळत नाही. एवढे मोठे बी गिळून दूर नेऊन टाकणारे पक्षी मोजकेच आहेत.

प्रश्न : आमच्या देवराईतल्या पाणथळीत झाडांची मुळे गुडघ्यासारखी चिखलाबाहेर आलेली आहेत. चालताना अडखळायला होते, म्हणून काही जण ती छाटून पेव्हर घालूया म्हणतात. वरच्या झरीचे पाणी नळाने कुळागराला न्यायचाही विचार आहे. चालेल का?
– एक वाचक, सांगे

उत्तर : दोन्ही करू नका, ही कळकळीची विनंती. सत्तरीतल्या बांबर गावची निरंकाराची राय (देवराई) अशाच पाणथळीसाठी ओळखली जाते. अशी राने फार थोडी उरली आहेत आणि एकदा सुकली की माणसाला ती पुन्हा करता येत नाहीत. सतत पाण्यात असलेल्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. बाहेर आलेल्या त्या गुडघ्यांवरच्या बारीक छिद्रांतून मुळे श्वास घेतात. ती छाटली किंवा माती-पेव्हरखाली गाडली तर झाड लगेच मरत नाही, काही वर्षे शेंड्याकडून वाळत जाते. तोपर्यंत कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

पाणी वरून वळवले की चिखल उन्हाळ्यात तडकतो आणि सर्वांत आधी रोपे जातात. मोठी झाडे उभी दिसतात, पण त्यांच्यामागे पुढची पिढी नसते. खाली बांध घालून पाणी तुंबवले तरी श्वासाची मुळे बुडतात आणि नुकसान तेच. कुळागराला पाणी हवेच असेल तर पाणथळ ओलांडून व्हाळ (ओढा) खाली उतरतो तिथून घ्या. उत्सवाची वाट कडेने न्या. आत जावेच लागले तर लाकडी फळ्या तात्पुरत्या टाकून नंतर उचला. पालापाचोळा झाडून काढू नका.

प्रश्न : आगीनंतर आमच्या उतारावर रानमोडीचे तण माजले आहे. दरवर्षी कापतो, तरी वाढते.
– एक वाचक, वाळपई

उत्तर : कापल्याने बुडख्यातून अनेक फुटवे येतात. जुलै ते सप्टेंबर, माती मऊ असताना, बुडख्यासकट उपटा आणि मुळे वर करून रचा, म्हणजे पुन्हा धरणार नाही. हिवाळ्यात फुले येण्याआधी हे झालेच पाहिजे, कारण बी वाऱ्याने उडते. सलग तीन वर्षे तरी करा. पेटवू मात्र नका. सदाहरित झाडांची साल पातळ असते, आग बुंध्याला लागली की झाड जाते. मार्च २०२३ मध्ये म्हादई परिसरात आगी लागल्या होत्या. अशा आगीने उघड्या पडलेल्या जागी रानमोडी सर्वांत आधी शिरते आणि तिच्या सुक्या काड्या पुढच्या आगीचे सरपण होतात.

प्रश्न : घाटमाथ्यावरच्या सड्यावर वनमहोत्सवात झाडे लावायची आहेत. कोणती लावू?
– एक शिक्षक, फोंडा

उत्तर : तिथे कोणतीच नको. जांभ्याच्या त्या कातळावरची बोटभर माती रिकामी नाही. पावसात तिथे सीतेची आसवे, दवबिंदू आणि गेंद ही इवली रानफुले फुलतात. खड्डे खणले तर ती माती वाहून जाते. मुलांना ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भिंग घेऊन तिथे न्या आणि रोपे शाळेच्या आवारात लावा.