पोरकट कोणाला म्हणावं?

प्रश्न : सहा वर्षांचा नातू गादीवर उड्या मारू लागला की सूनबाई 'पोरकटपणा पुरे' म्हणून दटावते. शब्द बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आजी. पोराने पोरासारखं वागणं हा पोरकटपणा नव्हे. पंगतीत जिलबीचा आग्रह झाला नाही म्हणून पानावरून उठणारा पन्नाशीचा जावई, तो पोरकट! मळकट, तेलकट, धुरकट यांतला 'कट' इथेही आहे. नको तिथे लागलेली छटा तो दाखवतो. 'बालिश'ही मोठ्यांनाच लावतात, संस्कृतात तर त्याचा अर्थ मूर्ख असाही होतो. 'बाळबोध' मात्र यांच्यात ओढू नका. मोडीच्या जोडीला देवनागरीला बाळबोध म्हणत, त्यात कमीपणा नाही. नातवासाठी 'दंगा', 'धुडगूस' आहेत की. मला हे शब्द फार आवडतात, त्यांत रागाबरोबर लाडही असतो.