राउटरचा पासवर्ड केबलवाल्याकडेच असेल, तर स्वतःचा राउटर घ्यावा का?

तुम्ही लिहिले आहे की गिरगावच्या चाळीत तुमच्या घरी इंटरनेटची जोडणी देणारा माणूस राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड सांगत नाही, वायफायचा पासवर्ड म्हणून त्याने तुमचाच मोबाइल नंबर ठेवला आहे आणि मजल्यावरच्या मुलांना तो ठाऊक झाला आहे. स्वतःचा राउटर जरूर घ्या. परंतु तो येईपर्यंत थांबू नका, त्या माणसाला आजच फोन करून वायफायचा पासवर्ड बदलून घ्या.

मोबाइल नंबर हा पासवर्ड म्हणून किती कच्चा आहे, याची पुष्कळांना कल्पना नसते. तुमचा फोन राउटरला जोडला जाताना दोघांत होणारी देवाणघेवाण गॅलरीत बसलेला कोणीही लॅपटॉपवर टिपून ठेवू शकतो, आणि त्यानंतर तो आपल्या घरी बसून हवे तितके अंदाज तपासू शकतो. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता फार तर ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो, पण चांगले ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला हे काम काही तासांचेच आहे. २०२१ मध्ये तेल अविवमध्ये एका सुरक्षा संशोधकाने शहरात फिरून सुमारे ५,००० वायफाय नेटवर्कांची अशी माहिती टिपली आणि त्यांपैकी जवळपास ७० टक्के पासवर्ड शोधून काढले. तिथेही लोकांची सवय मोबाइल नंबर ठेवण्याचीच होती. म्हणून परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहा. तसा पासवर्ड पाहुण्याला तोंडी सांगता येतो आणि अंदाजाने सापडत नाही.

मुलांनी फुकट नेट वापरले, एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना आलेला ईमेल सानपाड्यातल्या एका घराच्या असुरक्षित वायफायवरून गेला होता, आणि पुढच्याच महिन्यातला दुसरा ईमेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून. अशा वेळी तपास सर्वप्रथम जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या दाराशी येतो.

आता राउटरविषयी. तुमच्या घरात गच्चीवरून साधी लॅन केबल आली असेल, तर काम सोपे आहे: ती थेट नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या केबलच्या खाचेत) लावायची आणि जोडणीचे युजरनेम व पासवर्ड त्यात भरायचे. ही दोन्ही माहिती ग्राहक म्हणून तुम्ही मागून घ्या. अनेक छोटे पुरवठादार जुन्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, आपल्याकडे नोंदवून ठेवतात, त्यामुळे नवा राउटर लावूनही नेट सुरू होत नाही आणि माणसाला वाटते की यंत्रच बिघडलेले आले. फोन करून नवा पत्ता नोंदवून घेतला की काम होते. मुलुंडला आमच्या घरी याच कारणाने एक अख्खा रविवार वाया गेला होता.

फायबर असेल, तर पुरवठादाराचा डबा काढता येत नाही, कारण त्याची नोंद त्यांच्या यंत्रणेत असते. त्यांना तो ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे डबा जोडणी फक्त पुढे पाठवेल आणि राउटरचे काम तुमचे यंत्र करेल. नकार दिला, तर निदान त्या डब्याचे वायफाय बंद करून घ्या, आपला राउटर त्याच्या मागे जोडा आणि घरातली सगळी उपकरणे फक्त आपल्या राउटरवर ठेवा. डबा दुरून कोणीही हाताळला, तरी तुमच्या फोन-टीव्हीपर्यंतची वाट तुमच्या राउटरपाशी अडते.

खरेदी करताना खोक्यावर डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) लिहिलेले पाहून घ्या. २०१८ मध्ये आलेल्या या पद्धतीत वर सांगितलेली घरी बसून अंदाज तपासण्याची युक्ती चालत नाही. जुने फोन तिला जोडले जात नसतील, तर तिच्या आधीची डब्ल्यूपीए२ ठेवा, मात्र पासवर्ड लांब हवा. सेटिंगच्या पानाचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते असे न बदललेले पासवर्ड वापरूनच. डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा, फर्मवेअर (राउटरमधला मूळ प्रोग्रॅम) आपोआप अद्ययावत होईल असे ठेवा आणि पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क सुरू करा. नेटवर्कचे नाव लपवण्यात वेळ घालवू नका, ते सहज शोधता येते.

जुना राउटर परत द्यायचा असेल, तर आधी त्याच्या मागचे रीसेटचे बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे त्यात साठवलेले तुमचे पासवर्ड पुसले जातील. तो भाड्याने किंवा अनामत रकमेवर मिळाला असेल, तर परत केल्याची पावती लेखी घ्या.