‘खायला चालतं’ ते फुफ्फुसाला चालतं का? व्हेपमधल्या गोडव्याबद्दल वाचकांचे प्रश्न

छातीविकारतज्ज्ञ म्हणून नाशिकमध्ये रोज रुग्ण तपासताना ई-सिगारेटचा, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ ओढायच्या व्हेपचा, विषय आता महिन्यातून दोन-तीनदा तरी निघतो. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न तिच्या द्रवात काय काय घालतात याबद्दलचे आहेत.

मुलगा अकरावीत आहे. त्याच्या सॅकमध्ये हायलायटरसारखं दिसणारं गुलाबी व्हेप सापडलं. तो म्हणतो, ‘यात तंबाखू नाही, फक्त फ्लेवर आणि स्वीटनर. आइस्क्रीममध्ये आपण तेच खातो.’ खरं आहे का? – एक आई, गंगापूर रोड

ताई, मुलगा तुमच्याशी खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. त्याला कुणीतरी तसंच सांगितलं असणार. या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्यं, गोडी आणि बहुतेक वेळा तंबाखूत असतं ते व्यसन लावणारं निकोटीन असतं. निकोटीन सोडलं तर बाकीचे बरेच घटक खाद्यपदार्थांत वापरतात, हेही खरं.

पण पोट वेगळं आणि फुफ्फुस वेगळं. पिण्याच्या स्वच्छ पाण्याचा एक थेंब चुकून श्वासनलिकेत गेला तर ठसका लागून डोळ्यांत पाणी येतं. तिथं पचवणारा रस नाही, आणि पोटातून आलेलं आधी यकृताकडे जातं तशी सोयही नाही. मसाल्यातली दालचिनी आपण रोज खातो, पण तिला वास देणारं सिनामाल्डिहाइड श्वासनलिकेतल्या पेशींवर घातलं तर कफ बाहेर ढकलणाऱ्या बारीक केसांची हालचाल मंदावते, असं प्रयोगशाळेत दिसलंय. अमेरिकेत खाद्यसुगंधांची सुरक्षितता तपासणाऱ्या ‘फेमा’ या उद्योगसंघटनेनंच जाहीर केलंय की आमचा ‘सुरक्षित’ हा शेरा खाण्यापुरता आहे, ई-सिगारेटसाठी नाही.

त्याला रागावण्याआधी एवढं विचारा: दोन दिवस ओढलं नाही तर चिडचिड होते का, डोकं दुखतं का, अभ्यासात लक्ष लागत नाही का? उत्तर ‘हो’ असेल तर सवय निकोटीनची आहे. मग ओरडून उपयोग नाही, उपचार लागतील.

वय ५४, नऊ वर्षांपासून मधुमेह. सिगारेट सोडायची म्हणून पुतण्यानं परदेशातून व्हेप आणून दिलं. खूप गोड लागतं, पण ‘शुगर-फ्री’ आहे. मला चालेल ना? – नाशिक रोड

काका, सिगारेट सोडायचं ठरवलंत हे फार चांगलं केलंत. पण हा रस्ता नको.

ती गोडी बहुधा सुक्रालोजची आहे. साखरेच्या साधारण ६०० पट गोड. चहात टाकलं तर त्याचा बराचसा भाग शरीरात शोषला न जाता तसाच बाहेर पडतो, म्हणून मधुमेहींना त्याची मुभा असते. व्हेपमध्ये मात्र ते तापलेल्या तारेवर पडतं. सुक्रालोजच्या रेणूत क्लोरीनचे तीन अणू असतात. जास्त तापलं की रेणू तुटतो, क्लोरीन सुटं होतं आणि शेजारच्या ग्लिसरीनशी जुळून क्लोरोप्रोपॅनॉल नावाची घातक संयुगं तयार होतात. शिवाय गोडी घातलेल्या द्रवाच्या वाफेत फॉर्माल्डिहाइडसारखी अल्डिहाइडं वाढलेली आढळली आहेत, आणि फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे. ग्लिसरीन स्वतः जास्त तापलं तरी अॅक्रोलिन निघतं. कढईतलं तेल धुरावलं की डोळे चुरचुरतात, त्यामागे हेच रसायन असतं.

एका पालकांनी मुलाचं व्हेप उघडून माझ्या टेबलावर ठेवलं होतं. आत बोटाच्या पेराएवढा कापूस आणि त्यात तारेचं वेटोळं. कापूस कडेला पांढरा होता, तारेजवळ तपकिरी आणि तारेला चिकटून काळाकुट्ट. चिक्कीचा पाक करपल्यावर पातेल्याच्या बुडाला जे धरतं, अगदी तसं. वरून आंब्याचा वास, खाली जळका.

‘शुगर-फ्री’ लिहिलंय म्हणून साखरेला धोका नाही असंही समजू नका. निकोटीनमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. औषधांच्या दुकानात २ मिलिग्रॅमचं निकोटीन गम मिळतं. तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारून ते सुरू करा. थोडं चावायचं, झणझणलं की गालात धरून ठेवायचं, चघळत राहायचं नाही. आणि १८००-११-२३५६ या तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी क्विटलाइनवर फोन करा, तो मोफत आहे.

आम्ही द्राक्षबागायतदार. मुलांकडच्या व्हेपला द्राक्षाचा वास येतो. त्यात खरा द्राक्षाचा रस असतो का? – पिंपळगाव बसवंत

नाही. तो वास बहुतेक वेळा मिथाइल अँथ्रानिलेटचा असतो. हा अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड द्राक्षाचा वास, तुमच्या थॉमसन जातीच्या द्राक्षाला तो येतच नाही. एकदा नाकाशी धरून पाहा, तुम्हाला लगेच कळेल. हेच रसायन पिकांवर पक्षी बसू नयेत म्हणूनही फवारतात.

पाकिटावर ‘फूड ग्रेड’ आणि ‘० टक्के निकोटीन’ छापलंय. विश्वास ठेवू का? – विद्यार्थी, कॉलेज रोड

नको. २०१९ च्या कायद्यानं भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरात केली तर पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तुझ्या हातातला माल चोरट्या वाटेनं आलाय, त्यावरचं लेबल इथं कुणीही तपासलेलं नाही. बाहेरदेशी तपासलं तेव्हा काय निघालं? अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं, २००९ मध्ये ई-सिगारेटच्या द्रवाच्या १८ कार्ट्रिज तपासल्या. ‘निकोटीन नाही’ लिहिलेल्यांपैकी एक सोडून सगळ्यांत निकोटीन सापडलं आणि एका कार्ट्रिजमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. कफ सिरपमुळे लहान मुलं दगावल्याच्या बातम्यांत हे नाव तू वाचलं असशील.

‘पॉपकॉर्न लंग’ ही अफवा आहे का? – सातपूर

आजार खरा आहे. अमेरिकेत मिसुरीतल्या एका पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांत तो २००० साली लक्षात आला. लोण्याचा वास देणारं डायअॅसिटिल श्वासातून गेल्यानं बारीक श्वासनलिका कायमच्या आक्रसल्या होत्या. काही ई-द्रवांतही डायअॅसिटिल सापडलंय, पण प्रत्येक व्हेप ओढणाऱ्याला हा आजार होतो असं म्हणायला पुरावा नाही. मला जास्त काळजी वाटते ती २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत आलेल्या फुफ्फुसविकाराच्या साथीची. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथं ६८ जण गेले. मुख्य संशय होता व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर. बहुतांशी गांजाच्या अर्काच्या द्रवांत ते मिसळलेलं होतं. गोळीत आणि क्रीममध्ये हेच निर्धोक मानतात.

दोन वर्षांच्या भाच्यानं व्हेपच्या द्रवाची बाटली तोंडात घातली. बरा दिसत होता म्हणून दवाखान्यात नेलं नाही. चुकलं का? – पंचवटी

हो, चुकलं. बाळ सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला, पण पुन्हा असं घडलं तर वाट पाहू नका. गोड वासामुळेच मुलं ती तोंडात घालतात, आणि निकोटीन कातडीतूनही शोषलं जातं. तोंड पुसा, अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून पाण्यानं धुवा, उलटी करवू नका. बाटली बरोबर घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जा. उलट्या, लाळ गळणं, पांढरं पडणं, झटके ही लक्षणं दिसण्याआधीच निघायला हवं.

घरात ती बाटली अजून असेल तर बेसिनमध्ये ओतू नका. झाकण घट्ट लावून वेगळ्या पिशवीत बांधा आणि घंटागाडीवर देताना आत काय आहे ते त्या कर्मचाऱ्याला सांगा, म्हणजे तो उघड्या हातानं ती फोडणार नाही.