वायू अवरक्त किरण अडवतो की शोषतो?

प्रश्न असा: बंद नळीत हवेबरोबर मिसळलेला कार्बन डायऑक्साइड अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचं काय करतो, याचं सिम्युलेशन (संगणकावरची नक्कल) एका विद्यार्थिनीने केलं आहे. मराठी अहवालात 'वायू उष्णता अडवून धरतो' असं लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही, 'शोषतो'च हवं. अडवलेली वस्तू आहे तशीच राहते. धरणाने अडवलेलं पाणी पाणीच असतं. इथे किरण उरतच नाही. १५ मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा किरण रेणूने घेतला की रेणू वाकून कंप पावू लागतो. नेहमीच्या दाबाला ही ऊर्जा पुन्हा किरणरूपाने सुटण्याआधीच बहुतेक वेळा रेणूची शेजाऱ्यांशी टक्कर होते आणि ती त्यांच्यात वाटली जाते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन स्वतः हे किरण जवळजवळ घेत नाहीत, तरी तेही तापतात ते यामुळे. 'अडवतो' म्हटलं की ही सगळी घडामोड वाक्यातून निसटते.

जॉन टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नळीत वायू भरून हेच मोजलं होतं. नळीच्या तोंडांना त्याने काच न लावता सैंधवाच्या चकत्या लावल्या, कारण काच स्वतःच हे किरण शोषते.

'शोषण' घेतलं की 'उत्सर्जन'ही घ्यावं लागतं. वायू ज्या तरंगलांबीला शोषतो, त्याच तरंगलांबीला उत्सर्जनही करतो. सिम्युलेशनमध्ये नुसतं शोषण घातलं आणि उष्णता बाहेर जायला वाट ठेवली नाही, तर आकड्यांत वायू तापतच जाईल. 'दुप्पट लांब नळी, दुप्पट शोषण' असंही लिहू नये: एकाच तरंगलांबीचे किरण अर्ध्या मीटरनंतर निम्मे उरत असतील, तर मीटरभराने पाव उरतात.

'रेडिएशन'साठी मात्र 'किरणोत्सर्ग' नको. त्याने वाचकाला युरेनियम आठवतं. 'प्रारण' हा रुळलेला पारिभाषिक शब्द आहे, आणि तो जड वाटला तर सरळ 'किरण' म्हणावं.

'शोषण' म्हटलं की पिळवणूक आठवते, अशीही शंका त्या विद्यार्थिनीने काढली आहे. ती रास्त आहे. 'शोषण गुणांक' यासारख्या संज्ञेत नाम राहू द्यावं, वाक्यात क्रियापद आणावं: 'नळीतला कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषून घेतो आणि त्यामुळे नळीतली हवा तापते.'