पिल्लू पेंगतंय, आधी ऊब द्या

प्रश्न: ताई, पहिल्यांदाच कोंबडीची पिल्लं आणलीत, बारा आहेत, आज सहावा दिवस. खोक्यात पेपर अंथरलाय, वर बल्ब लावलाय. कालपासून दोन पिल्लं पंख पाडून नुसती पेंगतायत, एकाच्या शेपटीखाली शिट वाळून घट्ट चिकटलीये आणि एकाचे पाय दोन्हीकडे फाकतात, उभंच राहता येत नाही बिचाऱ्याला. ड्रॉपरने पाणी पाजतेय पण फरक नाही. घरात आमच्यासाठी आणलेली अँटिबायोटिकची गोळी आहे, ती चुरून देऊ का?

उत्तर: गोळी नको, खरंच नको. काय झालंय ते माहीत नसताना आणि एवढ्याशा जिवाला किती द्यायची तेही माहीत नसताना ती देणं म्हणजे अंधारात दगड मारणं. मला आधी तुमच्या बल्बबद्दल विचारायचंय, एलईडी तर नाही ना? बरेच जण तोच लावतात, खोकं मस्त उजळतं आणि पिल्लं आत गारठत बसतात. ऊब देणारा जुना पिवळा बल्ब किंवा ब्रूडरचा (पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीचा) दिवा लागतो, तोही नुसत्या वायरवर लटकवू नका, पक्का बांधा, पडला तर आग लागते.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर साधारण 33 ते 35 डिग्री सेल्सिअस हवं, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी करत जायचं, पिसं नीट येईपर्यंत. थर्मामीटर नसेल तर पिल्लंच सांगतात: एकमेकांवर चढून गोळा झाली आणि चिवचिवाट थांबेना तर थंडी वाजतेय, बल्बपासून लांब जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकतायत तर उकडतंय. म्हणून खोक्याचं एक टोक थोडं गार ठेवा, त्यांना जिथे बरं वाटेल तिथे जातील.

पेंगणाऱ्या पिल्लाला आधी गरम करा, मग पाणी, मग खाणं, हा क्रम उलटा करू नका. गारठलेल्या पिल्लाला काही पचत नाही आणि जबरदस्तीने पाजलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं, त्यामुळे ड्रॉपर चोचीत घालू नका, चोचीच्या कडेला एक थेंब लावा आणि ते स्वतः गिळतंय का बघा. कपभर कोमट पाण्यात छोटा चमचा साखर चालेल, पण पहिल्या दिवसापुरतीच, नंतर साधं पाणी. भांडं उथळ ठेवा आणि आत खडे टाका, अशक्त पिल्लं बोटभर पाण्यातही बुडतात.

चिकटलेली शिट ओढून काढायची नाही हं, कातडी सोलून निघते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस दोन-चार मिनिटं धरा, मऊ झाली की हळूच पुसा, पूर्ण कोरडं करा (ओलं पिल्लू परत गारठतं आणि आपण होतो तिथेच), मग थोडं व्हॅसलीन. दिवसातून दोनदा बघत राहा, कारण पुन्हा चिकटते आणि वाट बंद झाली तर पिल्लू दगावतं. फक्त एक, पोटाच्या बाजूला जो छोटा सुका ठिपका दिसतो ती बेंबी आहे, तिला घाण समजून खरवडू नका. बेंबी सुजलीये, ओली आहे, वास येतोय तर तो संसर्ग, तिथे घरगुती काही नाही, जनावरांचे डॉक्टर.

पाय फाकतात ते बहुतेक तुमच्या पेपरमुळे, तो गुळगुळीत असतो ना, पाय सरकतात. आजच खरखरीत कापड अंथरा. दोन्ही पाय सरळ खाली येतील एवढं अंतर ठेवून मऊ चिकटपट्टीने हलकेच जोडा, दोन-चार दिवस, पट्टी रोज बदला. जेवढं लवकर कराल तेवढं बरं, उशीर झाला की पाय तसेच राहतात.

आजारी पिल्लं वेगळी ठेवा, पण बाकीच्यांचा आवाज ऐकू येईल अशी, एकटं पिल्लू ओरडून ओरडूनच दमतं. आणि हात लावला की साबणाने धुवा, लहान मुलांना पापे घेऊ देऊ नका, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाकडूनही येतो.

प्रश्न: चार आठवड्यांची पिल्लं आहेत, शिटेत रक्त दिसतंय. मल्टिव्हिटॅमिन टॉनिक सुरू केलंय, बरोबर ना?

उत्तर: थांबवा. या वयात रक्त म्हणजे बहुतेक वेळा रक्ती हगवण, आयमेरिया नावाचा परजीवी आतड्यात वाढतो, शिटेतून बाहेर पडतो आणि खाली अंथरलेल्या ओल्या तुसात एक-दोन दिवसांत दुसऱ्या पिल्लाला लागायला तयार होतो. यावर अॅम्प्रोलियम पाण्यातून देतात, डोस डॉक्टरांना विचारा. हे औषध त्या परजीवीला बी1 जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणजे सोबत बी जीवनसत्त्व वालं टॉनिक दिलं की आपणच औषधावर पाणी ओतलं. कोर्स सुरू असताना दुसरं पाणी ठेवू नका, ओलं तूस रोज काढा, ताजी शिट छोट्या डबीत घेऊन जा, मायक्रोस्कोपखाली लगेच कळतं. आणि एक-दोन दिवसांत पटापट तीन-चार मेली तर हे सगळं सोडून आधी डॉक्टरांना फोन करा, मेलेली पिल्लं उघड्यावर टाकू नका.