झेंडा राहू द्या, पण आधी काकांच्या दारात जाऊन या

तुम्ही विचारलंय की गॅलरीत पक्षाचा झेंडा लावल्यापासून शेजारचे काका बोलत नाहीत, बायको म्हणते काढून टाका, मुलगा म्हणतो आपलं घर आहे कशाला काढायचं, तर काय करू. मी यातनं गेलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. झेंडा काढायची घाई करू नका, पण आज संध्याकाळीच काकांकडे जा.

आम्ही धायरीत राहतो, जुनी तीन मजली सोसायटी, लिफ्ट नाही, सगळे एकमेकांच्या घरात जाऊन येऊन असणारे. आमचा पत्ता पुण्याचा पण खडकवासला विधानसभा बारामती लोकसभेत येते, त्यामुळे 2024 ला पुणे शहराचं मतदान 13 मेला होतं आणि आमचं 7 मेलाच झालं. ती निवडणूक तुम्हाला आठवत असेल, सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, नणंद-भावजय समोरासमोर, त्याआधी फेब्रुवारीत आयोगाने घड्याळ अजितदादांच्या गटाला दिलेलं आणि शरद पवारांच्या गटाला तुतारी वाजवणारा माणूस मिळालेला. आमच्या तळमजल्यावरच्या आजींच्या दारावर कित्येक वर्षं घड्याळाचा स्टिकर होता, त्या साहेबांना मानणाऱ्या, आणि महिन्याभरात त्याच स्टिकरचा अर्थ उलटा झाला, येणारा जाणारा विचारायचा काय आजी तुम्ही पण तिकडे गेलात का. शेवटी त्यांनी तो सुरीने खरवडून काढला, मी जिन्यातच होतो, त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. दारावर अजून त्याचा गोल डाग आहे. त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं की दारावर लावलेली खूण लोकांना काय सांगेल हे आपल्या हातात राहत नाही, पण तेव्हा मी त्यातनं काहीच शिकलो नाही.

कारण त्याच एप्रिलमध्ये मी स्वतः झेंडा लावला होता. कुठल्या पक्षाचा ते लिहीत नाही, लिहिलं की पुढचं सगळं तुम्ही त्याच चष्म्यातून वाचाल. कार्यकर्त्यांनी चांगला मोठा झेंडा आणि बांबू दिला, मी तो गॅलरीच्या ग्रिलला तारेने बांधला, काठी तिरकी बाहेर आणि झेंडा लोंबून बरोबर खालच्या मजल्यावरच्या काकांच्या गॅलरीसमोर यायचा. हे काका म्हणजे आमच्या घरातलेच, पंधरा वर्षं आमच्या फ्लॅटची एक किल्ली त्यांच्याकडे, आम्ही गावाला गेलो की झाडांना पाणी तेच घालायचे. झेंडा लावल्यावर आठवड्याभरात ते बोलायचे बंद झाले, आणि एका सकाळी दार उघडलं तर कडीला प्लास्टिकची पिशवी अडकवलेली, आत आमची किल्ली.

मला इतकं लागलं ते. काका मत दुसरीकडे देतात हे मला माहीत होतं, म्हणून मी सरळ धरून चाललो की यांना माझा पक्ष खुपतोय, आणि रागाच्या भरात बेडरूमच्या खिडकीला अजून एक झेंडा लावला. मतदान झालं, 4 जूनला निकाल लागला, झेंडे तसेच, पावसात भिजून रंग उतरला तरी काढले नाहीत. जिन्यात समोर आले की दोघंही मान खाली घालून जायचो.

7 सप्टेंबरला गणपती बसले. दरवर्षी आमच्या पहिल्या आरतीला काका टाळ घेऊन येतात, त्या वर्षी आले नाहीत, काकू मात्र मोदक घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरात बायकोपाशी सगळं बोलल्या. काका केंद्र सरकारच्या नोकरीत, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. कुणीतरी रस्त्यावरून आमच्या बिल्डिंगचा फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला, खाली लिहिलेलं की बघा दुसऱ्या मजल्यावर सरकारी नोकराच्या घरावर झेंडा. फोटोत खरंच तो त्यांच्याच गॅलरीतला वाटत होता. मी ग्रुप म्यूट केलेला, मला पत्ताच नाही. आणि त्यांची भीती उगाच नव्हती, केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत पाचव्या नियमाखाली स्पष्ट लिहिलंय की अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणं म्हणजे निवडणुकीत आपलं वजन वापरणं. त्यात त्यांना त्याच निवडणुकीची ड्युटी लागलेली, ट्रेनिंगला जाऊन आलेले. पोलिंग ऑफिसरच्या गॅलरीत पक्षाचा झेंडा, विचार करा.

मग त्यांनी सांगितलं का नाही? तर सांगितलं होतं. जिन्यात म्हणाले होते, अरे काठी जरा वर घे ना, आणि मी म्हणालो होतो माझी गॅलरी आहे काका. मला आठवतही नव्हतं, त्यांना शब्द न् शब्द आठवत होता. मी त्याच रात्री खाली गेलो आणि माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, तुझा पक्ष मला चालतो रे, मला या वयात चौकशी नको होती. दुसऱ्या दिवशी आरतीला आले.

म्हणून म्हणतो की तुमच्या काकांना नक्की काय खटकतंय ते आधी त्यांच्या तोंडून ऐका. पक्षच खटकत असेल असं नाही. झेंडा त्यांच्या खिडकीवर फडफडत असेल, उजेड अडत असेल, घरात कुणी सरकारी नोकरीत असेल, लेकीच्या सासरचे दुसऱ्या पक्षाचे असतील आणि त्यांना वाटत असेल की येणाऱ्यांना कुठलं घर कुणाचं ते कळणार नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी काठी दोन फूट सरकवली की सुटतात.

आणि समजा पक्षच खटकतोय, तरी झेंडा काढायलाच पाहिजे असं मला वाटत नाही. तुमचं मत आहे, तुमची गॅलरी आहे, उघडपणे आपली बाजू सांगता येणं ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. फक्त तोंडावर सांगा की काका, मी यांना मानतो म्हणून लावलाय, तुमच्यावर रोख नाही. माणूस हे ऐकून घेतो. दुसऱ्या कुणाकडून कळलं किंवा नुसतं वर बघून कळलं की मग मनात काहीबाही येतं.

नियमांचं थोडक्यात सांगतो कारण तुमचा मुलगा ‘आपलं घर’ म्हणतोय. स्वतःच्या गॅलरीच्या आतली बाजू आपली, पण कंपाउंडची भिंत, गेट, जिना, गच्ची हे सगळ्यांचं, तिथे कमिटीला विचारल्याशिवाय काही लावू नये. आचारसंहितेतही लिहिलंय की कुणाच्या जागेत, इमारतीवर, कंपाउंडवर त्याच्या परवानगीशिवाय झेंडे बॅनर लावायचे नाहीत, म्हणजे कार्यकर्ते परस्पर लावून गेले तर तुम्ही हक्काने काढायला सांगू शकता. भाड्याने राहत असाल तर मालकाला आधी फोन करा. अजून एक, पक्षाचा झेंडा वेगळा आणि उमेदवाराचा फोटो नाव टाकून ‘मत द्या’ वाला बॅनर वेगळा, उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय स्वतःच्या खर्चाने तसला बॅनर छापून लावणं कायद्याने गुन्हा आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

नोव्हेंबरमध्ये विधानसभा आली तेव्हा मी झेंडा परत लावला. पण लहान, ग्रिलच्या आतून, बाहेर काठी नाही, आणि लावायच्या आधी काकांना वर बोलावून दाखवला. त्यांनी खाली रस्त्यावर जाऊन मोबाईलवर फोटो काढला, तो त्यांच्या गॅलरीतला वाटत नाही ना बघितलं, आणि हाताने ओके केलं. 20 तारखेला मतदान झालं, त्याच संध्याकाळी मी तो उतरवून घडी करून कपाटात ठेवला. निकालाची वाट नाही बघितली, कारण निकालानंतर राहिलेला झेंडा जिंकलात तर समोरच्याला खिजवल्यासारखा दिसतो आणि हरलात तर राग धरून बसल्यासारखा.

तर आज जा. बायकोला बरोबर न्या, काकू घरात असतील तेव्हा जा, आणि बसल्या बसल्या झेंड्याचा विषय काढू नका, आधी त्यांची तब्येत विचारा. मग सरळ विचारा, काका तुम्हाला त्रास होतोय का त्याचा, आणि ते बोलत असताना मधे तोंड घालू नका. काय झालं ते इथे जरूर कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.